जुना फ्लॅटबेड ट्रेलर घेताना: वय आणि अवस्था कशी ओळखावी

बेळगाव आणि आसपासच्या गावांतील पुष्कळ मराठी घरे ट्रान्सपोर्टच्या धंद्यात आहेत. मुंबई-पुण्याहून कोल्हापूर, बेळगाव, हुबळीमार्गे बंगळूरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४८ (पूर्वीचा ४) आपल्या दारावरून जातो. उद्यमबाग-मच्छेच्या फाउंड्री, तोरणगल्लूचा पोलाद कारखाना आणि गोव्याचे मुरगाव बंदर यांमुळे या भागात लोखंड, कास्टिंग, मशिनरी आणि कंटेनर यांची ने-आण सतत चालू असते. हा माल मुख्यतः ट्रेलरवरून जातो.

नवा ट्रेलर घेण्याइतके भांडवल नसले की जुना पाहिला जातो. त्यासाठी लागणारा पैसा बहुधा एकट्याचा नसतो. पतसंस्थेचे कर्ज असते, घरातले दागिने गहाण असतात, मामा किंवा सासरे जामीन राहिलेले असतात. म्हणून ही माहिती आम्ही फक्त धंद्यातल्या मंडळींसाठी दिलेली नाही. घरातल्या ज्यांना व्यवहारावर सही करायची आहे, त्यांनीही ती वाचावी अशी विनंती आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट लक्षात घ्यावी. ट्रेलरला इंजिन नसते आणि आपल्याकडच्या बहुतेक ट्रेलरना किलोमीटरचा मीटरही नसतो. तो किती चालला, हे सांगणारा आकडा त्यामुळे कुठेच मिळत नाही. आरसी बुकावरचे वर्ष हे कागदाचे वय झाले. लोखंडाचे वय त्याने किती भार वाहिला आणि कसा वाहिला यावरून ठरते. दहा वर्षे कापसाच्या गाठी वाहिलेला ट्रेलर चार वर्षे जादा भाराने कॉइल वाहिलेल्या ट्रेलरपेक्षा चांगला निघू शकतो.

फ्लॅटबेड ट्रेलर म्हणजे काय

पुढे ओढणारी गाडी असते, तिला धंद्यात घोडा किंवा हॉर्स म्हणतात. तिच्या पाठीवरच्या गोल जोडणीवर, म्हणजे फिफ्थ व्हीलवर, ट्रेलरचा पुढचा भाग टेकतो. ट्रेलरच्या पोटाखाली पुढच्या बाजूला एक जाड पिन असते. हीच किंगपिन. ती फिफ्थ व्हीलच्या जबड्यात अडकते. ट्रेलरच्या भाराचा काही भाग घोड्यावर येतो आणि उरलेला मागच्या ॲक्सलवर जातो. म्हणून कायद्याच्या भाषेत हा सेमी-ट्रेलर. उसाची वाहतूक करणारी ट्रॅक्टरची ट्रॉली हा वेगळा प्रकार आहे, तिच्याविषयी हा लेख नाही.

आपल्याकडे सर्वांत जास्त दिसतो तो ४० फुटी, म्हणजे साधारण १२.२ मीटर लांबीचा, तीन ॲक्सलचा बारा चाकी ट्रेलर. त्याला खाली दोन मुख्य तुळया (लाँग मेंबर), त्यांच्या आडव्या जोडण्या (क्रॉस मेंबर) आणि वर नक्षीदार पत्र्याचा किंवा फळ्यांचा फ्लोअर असतो. बाजूला भिंती नसतात. कंटेनर वाहायचे असतील तर ठरलेल्या जागी ट्विस्ट लॉक बसवलेले असतात.

वय ठरवण्याचे पुरावे

एका पुराव्यावर विसंबू नये. पुढचे चार पुरावे एकमेकांशी ताडून पाहावेत.

पहिला पुरावा चासी नंबर आणि उत्पादकाची प्लेट. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार चासीवर नंबर कोरलेला असतो आणि त्यातून किंवा प्लेटवरून उत्पादनाचा महिना व वर्ष कळते. नंबर १७ अंकाक्षरी असेल तर दहावे अक्षर वर्षासाठी वापरण्याची पद्धत आहे. २००१ ते २००९ साठी १ ते ९ हे अंक येतात. त्यापुढे २०१० साठी ए, २०११ बी, २०१२ सी, २०१३ डी, २०१४ ई, २०१५ एफ, २०१६ जी, २०१७ एच, २०१८ जे, २०१९ के, २०२० एल, २०२१ एम, २०२२ एन, २०२३ पी, २०२४ आर, २०२५ एस असा क्रम आहे. आय, ओ आणि क्यू ही अक्षरे १ आणि ० शी गोंधळ होऊ नये म्हणून वापरत नाहीत. सगळेच उत्पादक वर्षाचे अक्षर दहाव्या जागी घालतात असे नाही, म्हणून प्लेटशी मेळ घालावा.

नंबर कोरलेली जागा वायर ब्रशने घासून नीट पाहावी. अंकांची खोली सारखी आहे का, आजूबाजूचा पत्रा ग्राइंडरने घासलेला आहे का, तो तुकडा वेगळा कापून वेल्ड केलेला आहे का, हे बघावे. यांपैकी काहीही दिसले तर पुढची तपासणी करण्यात अर्थ नाही. तो व्यवहार तिथेच सोडावा.

दुसरा पुरावा ॲक्सलची प्लेट. यॉर्क, बीपीडब्ल्यू, फुवा अशा ॲक्सल उत्पादकांची छोटी प्लेट ॲक्सलच्या नळीवर असते. तिच्यावर मॉडेल, क्षमता आणि अनुक्रमांक असतो. तिन्ही ॲक्सल एकाच बनावटीचे आणि जवळच्या अनुक्रमांकाचे असतील तर ते मूळचे असण्याची शक्यता जास्त. एक वेगळा असेल तर तो का बदलला, हे विचारावे. जुन्या ट्रेलरचे ॲक्सल काढून नव्या चासीखाली घातले तर आरसीवर नवे वर्ष दिसते आणि चाकाखाली जुने लोखंड असते.

तिसरा पुरावा टायर. टायरच्या भिंतीवर 'डीओटी' अक्षरांनंतरच्या ओळीच्या शेवटी चार अंक असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ३४१९ म्हणजे २०१९ सालचा ३४वा आठवडा. टायर बदलत असतात, त्यामुळे त्यांवरून ट्रेलरचे वय कळत नाही. विकणाऱ्याचे बोलणे मात्र तपासता येते. "दोन वर्षेच चाललाय, टायर कंपनीचेच आहेत" असे सांगितले आणि टायर सात वर्षांपूर्वीचे निघाले, तर बाकीचे बोलणेही तसेच समजावे. स्टेपनीही पाहावी, तिच्याकडे कोणाचे लक्ष नसते.

चौथा पुरावा सरकारी नोंद. एमपरिवहन ॲप किंवा वाहन पोर्टलवर गाडी नंबर टाकला की नोंदणीची तारीख, फिटनेस, विमा आणि बोजा यांची माहिती दिसते. नोंदणीची तारीख आणि उत्पादनाची तारीख यांत काही महिन्यांचा फरक असू शकतो. तो फरक दीड-दोन वर्षांचा असेल तर ट्रेलर इतका काळ कुठे उभा होता, हे विचारायला हवे.

चासी: इथे व्यवहार ठरतो

ट्रेलरमधले बाकी सगळे बदलता येते. मुख्य तुळया थकल्या तर ट्रेलर संपला. म्हणून तपासणीचा निम्मा वेळ इथे द्यावा. ट्रेलर रिकामा, सपाट जागेवर आणि धुतलेला असावा. अंगावर ताजा रंग असेल तर जास्त बारकाईने पाहावे. विक्रीच्या आदल्या आठवड्यात मारलेला रंग गंजाबरोबर तडेही झाकतो.

कमान आणि झोळ. बहुतेक फ्लॅटबेड बनवतानाच मधोमध किंचित वर उचललेले असतात. भार चढला की ते सरळ होतात. वर्षानुवर्षे जादा भार वाहिला की ही कमान जाते आणि रिकाम्या ट्रेलरलाही खाली झोळ दिसू लागतो. तपासायला साधी नायलॉनची दोरी पुरते. फ्लोअरच्या पुढच्या आणि मागच्या टोकाला सारख्या उंचीचे दोन ठोकळे ठेवावेत, समजा ५० मिलिमीटरचे. त्यांवरून दोरी घट्ट ताणावी. मधोमध दोरी आणि फ्लोअर यांतले अंतर मोजावे. ते ५० पेक्षा कमी भरले तर कमान शिल्लक आहे. जास्त भरले तर झोळ आहे. दोन्ही बाजूंना मोजावे. एका बाजूला कमान आणि दुसऱ्या बाजूला झोळ असेल तर चासीला पीळ पडला आहे. पीळ पाहण्यासाठी चारही कोपऱ्यांवर सारखे ठोकळे ठेवून समोरासमोरच्या कोपऱ्यांना दोन दोऱ्या ताणाव्यात. मधोमध त्या एकमेकींना टेकायला हव्यात.

झोळ कशाने येतो, हे समजले की इतिहासाचा अंदाज बांधता येतो. दोन टोकांना टेकलेल्या तुळईवर २५ टन भार सगळीकडे सारखा पसरला, तर तिला वाकवणारा जोर जितका असतो त्याच्या दुप्पट जोर तोच २५ टन भार मधोमध एका जागी ठेवल्यावर पडतो. पोलादाची कॉइल म्हणजे असाच एका जागी बसलेला भार. म्हणून ट्रेलर आधी कोणता माल वाहत होता, हा प्रश्न वर्षाच्या आधी विचारावा. फ्लोअरवर मधोमध गोल खड्डे, चिरडलेला पत्रा किंवा कॉइल अडवण्यासाठी वेल्ड केलेल्या कोनांच्या खुणा असतील तर उत्तर तिथेच लिहिलेले आहे.

तडे. तडा बहुधा ठरलेल्या जागी येतो. पुढे किंगपिनच्या वर तुळई कमी उंचीची असते आणि मागे ती खोल होते. हे जिथे बदलते त्या मानेपाशी सर्वांत आधी पाहावे. त्यानंतर लँडिंग लेगचे ब्रॅकेट, पाट्यांचे हँगर, क्रॉस मेंबर आणि तुळईचा सांधा, आणि वेल्डिंग जिथे संपते ते टोक. तडा नुसत्या डोळ्याला दिसत नाही. रंगातून उतरलेली तपकिरी गंजाची बारीक रेघ मात्र दिसते. अशी रेघ दिसली की तिथला रंग खरवडावा. बॅटरी आडवी धरून उजेड टाकला तर फट उठून दिसते. फाउंड्रीत काम करणारा कोणी नातेवाईक असेल तर त्याच्याकडून डाय पेनेट्रंटचा स्प्रे आणावा. तो मारल्यावर केसाएवढा तडाही लाल रेघेत दिसतो.

पट्टी मारलेली चासी. दुरुस्ती केली म्हणजे ट्रेलर वाईट, असे नाही. कशी केली ते पाहावे. तुळईच्या उभ्या भागावर तिरप्या टोकांची लांब पट्टी व्यवस्थित वेल्ड केलेली असेल तर मेस्त्री जाणता होता. खालच्या आडव्या पट्टीवर आरपार वेल्डिंग मारलेले असेल तर ते धोक्याचे. भार चढल्यावर मधल्या भागात तीच पट्टी ओढली जाते, आणि आडव्या वेल्डपासूनच पुढचा तडा सुरू होतो. एकाच जागी पट्टीवर पट्टी दिसली तर ट्रेलर सोडून द्यावा.

गंज. वरवरचा गंज घाबरण्यासारखा नाही. हातोडीने ठोकत जावे. घट्ट लोखंडाचा आवाज टणक येतो, कुजलेल्याचा बद्द येतो आणि पापुद्रे पडतात. किनारपट्टीवर, बंदरात किंवा मिठाच्या वाहतुकीत राहिलेल्या ट्रेलरचे क्रॉस मेंबर फ्लोअरच्या पत्र्याखाली वरून कुजतात. वरून काही दिसत नाही, म्हणून खाली झोपून पाहावे लागते.

वजन. आरसीवर रिकाम्या ट्रेलरचे वजन लिहिलेले असते. घोड्यासह ट्रेलर काट्यावर घ्यावा, मग नुसता घोडा घ्यावा आणि वजाबाकी करावी. आरसीपेक्षा बरेच जास्त भरले तर मागाहून पट्ट्या, जाड पत्रा किंवा आधार घातलेले आहेत. ते का घालावे लागले, हा पुढचा प्रश्न. शिवाय जितके रिकामे वजन जास्त तितका माल कमी, म्हणजे प्रत्येक फेरीत नुकसान.

किंगपिन आणि तिची प्लेट

सगळा ट्रेलर या एका पिनीने ओढला जातो. आपल्याकडे सर्रास वापरली जाते ती दोन इंची पिन. नवी असताना तिचा मधला व्यास ५०.८ मिलिमीटर असतो. झिजून ४९ मिलिमीटरला आली की ती बदलायची. पिन गोल झिजत नाही, पुढून-मागून जास्त झिजते. म्हणून व्हर्नियर तीन-चार दिशांनी फिरवून मोजावे. पिनीवर वेल्ड भरून लेथ मारलेली दिसली तर ती चालवून घेऊ नये. पिनीच्या पोलादावर केलेले वेल्डिंग तिला ठिसूळ करते.

पिनीभोवतीची प्लेट ग्रीस पुसून पाहावी. सरळ पट्टी धरल्यावर ती सपाट असायला हवी. बाहेर फुगलेली किंवा आत दबलेली असेल तर वरचे लोखंड वाकले आहे. पिनीच्या मुळाशी गोल तडा आहे का, हे इथेच पाहून घ्यावे.

लँडिंग लेग दोन्ही वेगांत वर-खाली करून बघावेत. एक पाय वाकडा असेल तर भरलेला ट्रेलर कधीतरी आपटलेला आहे. तसे असेल तर पायाचे ब्रॅकेट आणि मान पुन्हा पाहावी.

पाटे, ॲक्सल आणि सरळपणा

पाट्यांचा एकेक थर मोजावा. मुख्य पाटा तुटलेला आहे का, पाटे एकमेकांवरून सरकलेले आहेत का, डाव्या-उजव्या बाजूला पाट्यांची संख्या सारखी आहे का, हे पाहावे. मूळच्यापेक्षा जादा पाटे घातलेले असतील तर तो जादा भाराचा सरळ पुरावा आहे. यू-बोल्टजवळ चकाकणारे लोखंड किंवा लालसर भुकटी दिसली तर तिथे हालचाल आहे. बुश आणि पिना पहारीने उचकून पाहाव्यात.

ट्रेलर सरळ चालतो का, हे टेपने कळते. किंगपिनच्या मध्यापासून पहिल्या ॲक्सलच्या डाव्या आणि उजव्या टोकापर्यंतचे अंतर मोजावे. दोन्हींत ३ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक नसावा. मग पहिला ते दुसरा आणि दुसरा ते तिसरा ॲक्सल, दोन्ही बाजूंनी मोजावे. तिथे दीड मिलिमीटरच्या आत राहायला हवे. फरक टॉर्क आर्मने काढता येत असेल तर ते किरकोळ काम. हँगरच वाकले असतील तर खर्च मोठा.

हे मोजायला वेळ नसेल तर टायर बघावेत, ते सगळे सांगतात. मधोमध झीज म्हणजे हवा जास्त. दोन्ही कडांना झीज म्हणजे हवा कमी किंवा भार जास्त. एकाच कडेला झीज म्हणजे ॲक्सल वाकलेला किंवा तिरका. जागोजागी खळगे म्हणजे बेअरिंग ढिले किंवा पाटे निकामी. टायरच्या खाचेच्या तळाशी छोटे उंचवटे असतात. नक्षी त्यांच्या बरोबरीला आली की टायर संपला. जोडीच्या दोन टायरमध्ये एक नवा आणि एक जुना असेल तर मोठा टायर सगळा भार घेतो आणि दोन्ही लवकर जातात. रिमोल्ड टायर वाईट नसतात, पण ते रिमोल्ड म्हणूनच किमतीत धरावेत.

ब्रेक

बेळगावहून कोल्हापूरकडे जाताना तवंदी घाट लागतो, गोव्याकडे जाताना अनमोड. भरलेला ट्रेलर उतारावर घोड्याच्या ब्रेकने थांबत नाही. ट्रेलरचे ब्रेक नीट चालत नसतील तर मागचा भार घोड्याला ढकलतो आणि जोडणीपाशी गाडी वळते. म्हणून या भागात पैशांवरून घासाघीस करण्याआधी खालच्या गोष्टी करून बघाव्यात.

घोडा जोडून हवा भरावी. लाल नळी पुरवठ्याची असते. ती काढताच ट्रेलरचे ब्रेक आपोआप लागले पाहिजेत. लागले नाहीत तर व्हॉल्व्ह निकामी आहे. मग नळ्या जोडून एकाने ब्रेक दाबून धरावा आणि दुसऱ्याने खाली प्रत्येक चाकापाशी कान द्यावा. फुसफुस ऐकू आली तर साबणाचे पाणी लावून जागा शोधावी. ब्रेक चेंबरची दांडी प्रत्येक चाकाला जवळपास सारखी बाहेर यायला हवी. नेहमीच्या ३० नंबरच्या चेंबरला ती दोन इंचांपेक्षा जास्त आली तर ॲडजस्टमेंट गेली आहे.

किमान एका बाजूची दोन चाके उघडून घ्यावीत. विकणारा तयार नसेल तर मजुरी आपण द्यावी, ती महाग पडत नाही. लायनर रिव्हेटपर्यंत आले आहेत का, ड्रमला उष्णतेच्या भेगा किंवा निळसर डाग आहेत का, हबमधून ग्रीस गळून लायनर भिजले आहेत का, ते बघावे. ड्रमवर जास्तीत जास्त चालणारा व्यास कोरलेला असतो. आतून मोजून त्याच्याशी ताडावा. चाक जॅकवर उचलून पहारीने हलवले की बेअरिंगची ढिलाई हाताला लागते. अलीकडच्या ट्रेलरना एबीएस असते. त्याच्या वायरी कापून टाकलेल्या आहेत का, हेही बघावे.

कागदपत्रे

आधी आरसी पाहावी. ट्रेलरला स्वतंत्र नोंदणी नंबर आहे की घोडा आणि ट्रेलर एकाच नोंदणीत आहेत, हे समजून घ्यावे. एकाच नोंदणीतला नुसता ट्रेलर विकत घेतला तर तो आपल्या नावावर होत नाही. आधी आरटीओत तो वेगळा करून घ्यावा लागतो आणि ते काम विकणाऱ्याचे आहे.

त्यानंतर पासिंग, म्हणजे नोंदलेली भारक्षमता. १६ जुलै २०१८ च्या केंद्र सरकारच्या अधिसूचनेने तीन ॲक्सलच्या गटाची मर्यादा २४ टनांवरून २७ टन झाली. त्याआधी बनलेला ट्रेलर २४ टनांच्या हिशेबाने बनलेला असतो. कागदावरची मर्यादा वाढली म्हणून त्याचे लोखंड जाड झालेले नाही. "आता जास्त पासिंग चालते" असे कोणी सांगितले तर आरसीवरचा आकडा दाखवायला सांगावे. लांबी वाढवलेली किंवा जादा ॲक्सल लावलेला ट्रेलर असेल तर त्या बदलाची नोंद आरसीवर हवी. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार परवानगीशिवाय असा बदल चालत नाही. अपघात झाला तर विमा कंपनी पहिले बोट तिथेच ठेवते.

फिटनेस. नव्या व्यापारी वाहनाला दोन वर्षांचे मिळते. आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दर वर्षी नूतनीकरण करावे लागते. फिटनेस आहे म्हणून ट्रेलर चांगला, असा अर्थ कधीच घेऊ नये. फिटनेस नसेल तर मात्र व्यवहार करू नये. मागे आणि बाजूला अपघातापासून बचावाचे बार, परावर्तक पट्ट्या आणि दिवे नसतील तर पुढचे पासिंग अडते. तो खर्च आधीच धरावा.

नावावर करणे. फॉर्म २९ आणि ३० विकणारा व घेणारा दोघांच्या सह्यांनी लागतात. कर्ज असेल तर बोजा उतरवण्यासाठी फॉर्म ३५ आणि बँकेचे पत्र हवे. आपल्याकडे केए-२२ किंवा केए-२३ च्या गिऱ्हाईकाला शेजारच्या एमएच-०९ चा ट्रेलर मिळतो, कधी गोव्याचा, कधी थेट एनएल पासिंगचा. परराज्यातला असेल तर तिथल्या आरटीओची फॉर्म २८ ची ना-हरकत लागते आणि इथला टॅक्स वेगळा भरावा लागतो. तो धरूनच भाव स्वस्त की महाग हे ठरवावे. मूळ मालक वारलेले असतील तर आधी फॉर्म ३१ ने वारसाच्या नावावर व्हायला हवे. वारसांपैकी एकानेच सही करून दिलेला कागद पुरत नाही.

कोऱ्या फॉर्मवर सह्या घेऊन "नंतर नावावर करू" असे म्हणून ट्रेलर चालवणे हा सर्वांत मोठा धोका आहे. नोंद विकणाऱ्याच्या नावावर राहते आणि अपघाताची नुकसानभरपाई त्याच्या गळ्यात येते. विकणारे सभासद असाल तर हे तुम्हालाही लागू आहे.

किंमत कशी ठरवावी

दोष तीन ढिगांत वाटावेत.

१. चालवून घेण्यासारखे: वरवरचा गंज, दिवे, वायरिंग, फ्लोअरचा थोडा पत्रा, एखादा पाटा, परावर्तक पट्ट्या.

२. खर्च वजा करून घेण्यासारखे: टायर, लायनर आणि ड्रम, बेअरिंग, बुश, बोल्टने बसवलेली किंगपिन, लँडिंग लेग, व्हॉल्व्ह आणि नळ्या. ऑटोनगरात दोन ठिकाणी भाव काढून त्याची बेरीज मागितलेल्या किमतीतून वजा करावी. बारा टायरांचीच रक्कम किती होते, ते पाहिले की पुष्कळदा "स्वस्त" ट्रेलर महाग ठरतो.

३. कितीही स्वस्त असला तरी सोडून देण्यासारखे: खाडाखोड केलेला चासी नंबर, मानेपाशी किंवा खालच्या पट्टीला तडा, झोळ आणि पीळ एकत्र, कुजलेल्या तुळया, न सुटणारा बोजा किंवा वारसांचा वाद.

तिसऱ्या ढिगातला एकही दोष असेल तर भाव पाडून घेण्याचा मोह टाळावा. भाव पाडल्याने तडा बुजत नाही, आणि तो ट्रेलर आपलाच कोणीतरी, किंवा पगारावर ठेवलेला दुसऱ्याच्या घरचा मुलगा, घाटातून खाली आणणार असतो.

जाताना सोबत काय न्यावे

टेप, व्हर्नियर, नायलॉनची दोरी आणि सारखे चार ठोकळे, हातोडी, वायर ब्रश, बॅटरी, साबणाचे पाणी, पहार, कागद-पेन. फोटो काढावेत, विशेषतः चासी नंबर, ॲक्सलच्या प्लेट आणि प्रत्येक टायरच्या तारखेचे. शक्य असेल तर पाटे आणि चासी यांचे काम करणारा आपल्या ओळखीचा मेस्त्री सोबत न्यावा. विकणाऱ्याने आणलेला मेस्त्री विकणाऱ्याचाच असतो. दलाल कितीही ओळखीचा असला तरी त्याचे कमिशन व्यवहार झाला तरच मिळते, हे ध्यानात ठेवावे.

तपासणी दिवसा करावी. पूर्ण तपासणीला साधारण अर्धा दिवस लागतो. "दुसरे गिऱ्हाईक दुपारी येणार आहे" असे सांगून घाई केली जात असेल तर त्या गिऱ्हाइकाला खुशाल घेऊ द्यावे. इसार देण्याआधी लेखी कागदावर चासी नंबर, ठरलेली किंमत, कोण कोणती दुरुस्ती करणार आणि नावावर कधी करून देणार, हे चारही मुद्दे घ्यावेत. जामीन राहणाऱ्या नातेवाइकांनीही सही करण्यापूर्वी हा कागद आणि चासी नंबरचा फोटो मागून पाहावा. त्यात संकोच वाटण्यासारखे काही नाही.